पिंवळ्या रंगाची भूल

सांगलीहून पेठेकडे निघालेला रस्ता आष्ट्यावरून जातो. आज सांगली जिल्ह्याच्या वाळवा तालुक्यांत मोडणारें हें गांव १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्यांत होतें. त्या वर्षीं दक्षिण सातारा हा निराळा जिल्हा झाला आणि १९६० सालीं त्याला सांगली हें नांव मिळालें. कृष्णेच्या खोऱ्यांतील काळ्या जमिनीनें या भागाला दोन पिकें दिलीं आहेत, ऊंस आणि हळद. एकाचा गूळ होतो, दुसऱ्याची पूड होते. आणि बाजारांत दोहोंची पारख होते ती मुख्यतः एका गुणावर, पिंवळेपणावर. गिऱ्हाईक गूळ चाखण्याआधीं त्याचा रंग पाहतें, हळद हुंगण्याआधीं तिचा रंग पाहतें, आणि मनांतल्या मनांत दर ठरतो तो बहुधा त्या पहिल्या दृष्टिक्षेपांतच. हा दृष्टिक्षेप कितपत भरंवशाचा असतो, तें आज पाहावयाचें आहे.

त्यासाठीं प्रथम गुऱ्हाळांत शिरलें पाहिजे. आतां या भागांतील बहुतेक ऊंस साखर-कारखान्यांकडे जातो. तरी थंडीच्या दिवसांत कुठें कुठें चुलवाण पेटतें, घाणा सुरू होतो आणि चिपाडांचे ढीग उन्हांत वाळूं लागतात. काहिलींतल्या उकळत्या रसासमोर उभा असलेला गुळव्या हा या सर्व खटाटोपाचा सूत्रधार. रसाची आंबट प्रवृत्ति मारण्यासाठीं चुना किती घालावयाचा, भेंडीच्या चिकट पाण्यानें वर आलेली मळी केव्हां काढावयाची, जाळ केव्हां ओढावयाचा, हें सारें त्याच्या हुकमानें चालतें. उकळतां उकळतां रसांतील पाणी उडून जातें आणि त्याचें तपमान चढत जातें. १०५-१०६ अंशांच्या आसपास काकवी होते. गुळाचा पाक उतरावयाचा तो ११८ अंशांच्या सुमारास. दोन-तीन अंश कमी पडले तर ढेप बसत नाहीं, दोन-तीन अंश अधिक झाले तर पाक करपतो. पिढ्यान्‌पिढ्या गुळव्यांनीं हा नेम साधला तो उष्णतामापकावांचून. ज्ञानेंद्रियें हींच त्यांचीं उपकरणें.

परंतु हीं उपकरणें एकमेकांसारखीं नाहींत, आणि तीं मापें घेत नाहींत, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. प्रयोगशाळेंतील तराजू वस्तूचें वजन सांगतो. मनुष्याचा हात फक्त फरक सांगतो. जर्मनींतील लाइप्झिगचे शरीरशास्त्रज्ञ एर्न्स्ट हाइन्‍रिश वेबर यांनीं १८३४ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत हें प्रयोगांनीं दाखविलें. एक किलोच्या ढेपेवर पन्नास ग्रॅमांचा खडा ठेवला तर हाताला भर कळते. तोच खडा दहा किलोच्या ढेपेवर ठेवला तर हात कांहींच सांगत नाहीं. खडा तोच असतो. पण हाताला खडा कळत नसून खड्याचें ढेपेशीं असलेलें प्रमाण कळत असतें.

उष्णतेचेंहि असेंच आहे. तीन भांडीं घ्यावींत. एकांत सोसवेल इतकें ऊन पाणी, दुसऱ्यांत माठांतलें गार पाणी, मधल्यांत कोमट. एक हात उन्हांत, दुसरा गारांत मिनिटभर बुडवून दोन्ही हात एकदम मधल्या भांड्यांत घालावेत. तेंच पाणी एका हाताला गार लागतें, दुसऱ्याला ऊन. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक यानें १६९० सालच्या ग्रंथांत हा दाखला दिला आहे. घरांतील मुलांना तो करून दाखविण्यास पैसा लागत नाहीं, आणि अशी मौज फुकट मिळणें आतां दुर्मिळच.

गुऱ्हाळांत प्रथमच आलेल्या शहरी पाहुण्याला आणखी एक अनुभव येतो. दारांत पाऊल ठेवतांच गोड, किंचित् धुरकट वास त्याला वेढून टाकतो. ‘काय हा घमघमाट!’ असें म्हणून तो आंत येतो, रस पितो, गप्पा मारतो. आणि दहा मिनिटांनीं पाहावें तो वास नाहींसा झालेला असतो. काहील तशीच उकळत असते, वाफा तशाच उठत असतात. थकलेलें असतें त्याचें नाक. वासाचे कण नाकाच्या छतांतील ज्ञानतंतूंवर येऊन बसतात. मनुष्याच्या नाकांत त्यांना ओळखणारे सुमारें चारशें प्रकारचे ग्राहक आहेत. लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनीं या ग्राहकांच्या मोठ्या कुळाचा शोध १९९१ सालीं प्रसिद्ध केला आणि २००४ सालीं त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें. तोच तोच वास येत राहिला म्हणजे हे तंतु आपली उत्तरें हळूहळू बंद करतात आणि मेंदूहि तिकडे दुर्लक्ष करूं लागतो. यांत सृष्टीची कंजुषी नसून धोरण आहे. जें आहे तसेंच आहे त्याची बातमी पुनःपुन्हां देऊन काय उपयोग? बातमी हवी ती बदलाची. म्हणूनच दिवसभर काहिलीजवळ उभ्या असलेल्या गुळव्याला गुळाचा वास येत नसला तरी पाक बुडाला लागूं लागल्याचा करपट वास मात्र तत्काळ येतो.

नाकाचें महत्त्व घरोघरीं कळलें तें २०२० सालच्या महामारींत. कितीएकांचा वास गेला. विषाणूनें वासाच्या ज्ञानतंतूंपेक्षां त्यांना आधार देणाऱ्या भोंवतालच्या पेशींवर मुख्यतः घाला घातला होता, म्हणून बहुतेकांना वास परत मिळाला. पण मधल्या दिवसांत त्यांना एक चमत्कारिक शोध लागला. गूळ घातलेला चहा आणि साखर घातलेला चहा यांत भेदच उरला नाहीं. जीभ गोडी तेवढी सांगते. गुळाला गूळपणा देतो तो वास, आणि तो जिभेवरून घशामागच्या वाटेनें नाकांत चढलेला असतो. ‘चव गेली’ असें म्हणणाऱ्या पुष्कळांची खरी चव, म्हणजे गोड, आंबट, खारट, कडू ओळखण्याची शक्ति, शाबूत होती. गेला होता तो वास.

आतां डोळ्यांकडे वळूं या. पांचहि इंद्रियांत मनुष्य याचेंच सर्वांत अधिक ऐकतो, आणि बाजारांत तर दुसऱ्या कोणाचें ऐकतच नाहीं. डोळ्याच्या मागच्या पडद्यावर दोन जातींच्या पेशी आहेत. शलाकेसारख्या पेशी सुमारें बारा कोटी. त्या अंधुक उजेडांत काम करतात, पण त्यांना रंग समजत नाहीं. शंकूसारख्या पेशी साठ लाखांच्या आसपास. रंगाचें ज्ञान त्यांच्याकडे. या शंकूंचे प्रकार तीनच. एक लांब लहरींच्या प्रकाशाला विशेष उत्तर देतो, एक मध्यम, एक आंखूड. ढोबळ मानानें त्यांना तांबडा, हिरवा आणि निळा म्हणतात.

या यादींत पिंवळा नाहीं. ज्या रंगावर आष्ट्याच्या दोन पिकांचा बाजार उभा आहे, त्यासाठीं डोळ्यांत स्वतंत्र पेशीच नाहीं. तांबड्या आणि हिरव्या शंकूंकडून जवळजवळ सारख्या जोराची वर्दी आली आणि निळ्याकडून कांहींच आली नाहीं, म्हणजे मेंदू ‘पिंवळें’ असा निवाडा देतो. ही वर्दी कोणत्या प्रकाशानें धाडली याची तो चौकशी करीत नाहीं. कमी दाबाच्या सोडियमच्या दिव्याचा प्रकाश खरोखरच जवळजवळ एका पिंवळ्या लहरीचा असतो. मोबाइलच्या पडद्यावर दिसणाऱ्या पिंवळ्या झेंडूंत मात्र पिंवळा प्रकाश मुळींच नसतो. पडद्यावर पाण्याचा एक बारीक थेंब ठेवून त्यांतून पाहावें, तांबड्या आणि हिरव्या ठिपक्यांची रांगोळी दिसते. दोहोंची मूळ घडण निराळी, पण डोळ्याला दोन्ही एकच.

कान येथें डोळ्याहून सरस ठरतो. तंबोऱ्याच्या तारा एकदम छेडल्या तरी षड्ज आणि पंचम निरनिराळे ऐकूं येतात. त्यांचा मिळून तिसराच स्वर होत नाहीं. डोळ्यांत तांबडा आणि हिरवा प्रकाश मिसळले कीं दोघेहि हरवतात आणि तेथें पिंवळा उभा राहतो. मिश्रण उलगडून पाहण्याची शक्ति डोळ्याला दिलेलीच नाहीं. ज्याला भेसळ ओळखावयाची आहे त्यानें हें वाक्य लक्षांत ठेवावें.

पिंवळ्याचें भाऊबंद असलेल्या तपकिरी रंगाची गोष्ट तर आणखी विलक्षण आहे. तांबडा दिवा, हिरवा दिवा, पिंवळा दिवा सर्वांनीं पाहिला आहे. तपकिरी दिवा कोणीं पाहिला आहे काय? तपकिरी हा निराळा प्रकाश नव्हेच. नारिंगी किंवा पिंवळसर प्रकाश भोंवतालच्या उजेडाहून मंद असला म्हणजे मेंदू त्याला तपकिरी म्हणतो. गुळाचा काळसर खडा उन्हांत पांढऱ्या ताटांत ठेवावा आणि काळ्या कागदाची नळी करून, भोंवतालचें ताट दिसणार नाहीं अशा रीतीनें, फक्त त्या खड्याकडे पाहावें. तपकिरी खडा नारिंगी होऊं लागतो. नळी काढली कीं पुन्हां तपकिरी. पॅरिसच्या गोबलँ कारखान्यांत रंगखात्याचे प्रमुख असलेल्या शेव्रल यांच्याकडे सूत नीट रंगत नसल्याच्या तक्रारी येत. त्यांनीं शोध केला तेव्हां दिसलें कीं रंगांत खोट नसून शेजारच्या धाग्यांचा तो परिणाम आहे. त्यांचा मोठा ग्रंथ १८३९ सालीं निघाला. निळ्या कागदावर ठेवलेली हळद पिंवळ्या कागदावरच्या हळदीहून अधिक पिंवळी भासते, हें त्यांच्याच नियमाचें उदाहरण. आणि हा नियम ग्रंथ न वाचतां जाणणारे दुकानदार प्रत्येक पेठेंत असतात.

मग या पिंवळेपणाला बाजारांत एवढा भाव कां? कांहीं अंशीं त्यांत अर्थ आहे. मळी नीट निघाली नाहीं, पाक करपला, चुना अधिक पडला, रस शिळा होता, तर गूळ काळवंडतो. तेव्हां उजळ रंग हा पुष्कळदां चांगल्या कारागिरीची खूण असे. परंतु गूळ तांबूस होण्याचीं निर्दोष कारणेंहि आहेत. उंसाची जात, जमिनींतील क्षार, साखर व इतर द्रव्यें तापल्यानें होणारे स्वाभाविक फेरफार, यांचा रंगावर परिणाम होतोच. गिऱ्हाईक हा विवेक करीत बसत नाहीं. त्यानें खुणेलाच गुण मानलें, आणि तेथून खूण विकत मिळूं लागली. पाकांत सोडियम हायड्रोसल्फाइट, ज्याला व्यवहारांत नुसतें हायड्रोस म्हणतात, टाकलें कीं तपकिरी छटा निघून जाते आणि ढेप सोन्यासारखी दिसते. त्यापासून उरणाऱ्या गंधकाच्या अंशाला अन्नविषयक कायद्यानें मर्यादा घातली आहे. दम्याच्या कित्येक रोग्यांना सल्फाइट बाधतें. शिवाय हा उजळपणा टिकाऊ नसतो. कांहीं महिने ठेवलेल्या अशा गुळाचा रंग पुन्हां गडद होऊं लागतो. पण तोंवर पैसे चुकते झालेले असतात.

यांत दोष शेतकऱ्यावर ढकलणें सोपें आहे. एका गुऱ्हाळांत प्रामाणिक तांबूस ढेप निघाली, शेजारच्या गुऱ्हाळांत औषध घातलेली पिंवळीधमक निघाली, आणि सौद्यांत दुसरीला अधिक दर मिळाला, तर पहिल्यानें पुढल्या हंगामांत काय करावें? ज्या डोळ्यांनीं तो सौदा केला ते डोळे शहरांतल्या स्वयंपाकघरांतले आहेत.

डोळा एकदां बोलला म्हणजे जीभ त्याच्या हो ला हो देते, हें फ्रान्समधील बोर्दो येथील एका प्रयोगांत दिसलें. तो २००१ सालीं प्रसिद्ध झाला. द्राक्षासवाचें शास्त्र शिकणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांना पांढरें द्राक्षासव गंधहीन रंगानें लाल करून दिलें. ते शिकाऊ कां होईनात, पण पारखी होते. तरी त्यांनीं त्याच्या वासाचें वर्णन लाल द्राक्षासवाच्या शब्दांत केलें. मग हळदीकुंकवाला आलेल्या बायकांनीं पिंवळ्या गुळाच्या तिळवड्या अधिक गोड आहेत असें म्हटलें, तर त्यांना हंसण्याचा अधिकार कोणाला?

गुळाची ही गोष्ट किरकोळ वाटेल अशी हळदीची आहे. सांगलीची हळदपेठ जुनी. या हळदीला २०१८ सालीं भौगोलिक मानांकनहि मिळालें. हळदीचा खरा रंग कुर्कुमिन या द्रव्याचा. त्याला चुना लागतांच तें तांबडें होतें. कुंकू करण्याची जुनी रीत यावरच बसलेली होती, आणि पातळावर पडलेला हळदीचा डाग साबण लागतांच लाल होतो तोहि याच कारणानें. परंतु शिशाचा एक क्षार, लेड क्रोमेट, हाहि झगझगीत पिंवळा असतो. कुर्कुमिन आणि लेड क्रोमेट यांत रसायन म्हणून कसलेंहि नातें नाहीं. पण दोघेहि त्याच दोन शंकूंना जवळपास तीच वर्दी धाडतात, आणि मेंदू दोघांनाहि एकच नांव देतो.

बांगला देशांत काय घडलें तें यासाठीं सांगण्यासारखें आहे. तेथें १९८० नंतरच्या दशकांत मोठ्या पुरानें हळद भिजली, तिचा रंग उतरला, आणि ती खपावी म्हणून कांहीं व्यापाऱ्यांनीं हळकुंडांवर लेड क्रोमेट चोळण्यास आरंभ केला. पूर ओसरला, पण गिऱ्हाइकांच्या डोळ्यांना त्या रंगाची संवय लागली. ही गोष्ट २०१९ सालीं संशोधकांनीं उघड केली. शिसें शरीरांत सांचतें आणि लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला कायमचा अपाय करतें. त्याला वास नसतो, आणि चिमूटभर हळदीबरोबर तें पोटांत गेल्याचें जिभेला कळतहि नाहीं. सरकारनें गिरण्या तपासल्या, दंड केले, लोकांना सावध केलें. तेथील बाजारांतून घेतलेल्या नमुन्यांत शिसें असलेल्या हळदीचें प्रमाण २०१९ सालीं शेंकडा ४७ होतें. २०२१ सालीं तें शून्यावर आलें. हें काम तपासणीच्या यंत्रांनीं आणि कायद्यानें केलें. डोळे तीस-चाळीस वर्षें पाहतच होते.

अलीकडे शहरांत उलट फेरा आला आहे. पिंवळ्या गुळाची निंदा ऐकून कित्येक घरें आतां मुद्दाम काळा गूळ मागूं लागलीं आहेत. काळा तेवढा शुद्ध, अशी त्यांची समजूत. यांत चूक सुधारली नाहीं, फक्त रंग बदलला. करपलेला गूळहि काळा असतो, जुना झालेलाहि काळा असतो, आणि मळी न काढलेलाहि. डोळ्यानें दिलेला पहिला निवाडा फिरविण्यासाठीं दुसऱ्यांदा डोळ्याकडेच दाद मागण्याचा हा प्रकार आहे.

‘कावीळ झालेल्याला सारें जग पिंवळें दिसतें’ असें मराठींत म्हणतात, आणि भारतीय तत्त्वज्ञांनींहि भ्रमाचा दाखला म्हणून पित्तरोग्याला दिसणारा पिंवळा शंख शतकानुशतकें वापरला आहे. वैद्यकाच्या दृष्टीनें हा दाखला फारसा खरा नाहीं. काविळींत डोळ्यांचा पांढरा भाग पिंवळा होतो, रोग्याला जग पिंवळें दिसतेंच असें नाहीं. मौज अशी कीं खरी पिंवळी कांच प्रत्येकाच्या डोळ्यांत वयाबरोबर बसत जाते आणि तिची दाद कोणालाच नसते. डोळ्यांतील भिंग साठी-सत्तरीपर्यंत पिंवळसर होत जातें, निळा प्रकाश अडवूं लागतें. पण हा बदल इतका सावकाश होतो कीं मेंदू त्याचा हिशेब रोजच्या रोज जुळवून घेतो. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली, पिंवळें भिंग जाऊन स्वच्छ भिंग आलें, कीं पट्टी सुटल्यावर कितीएक वृद्धांना धोतर निळसर झाल्यासारखें वाटतें. धुणाऱ्यानें नीळ जास्त घातली म्हणून घरांत बोलणींहि होतात. कांहीं आठवड्यांत मेंदू नवा हिशेब बसवितो आणि धोतर पुन्हां पांढरें होतें.

वयोवृद्ध गुळव्याच्या डोळ्यांत हें पिंवळें भिंग असतेंच. तरी त्याचा पाक चुकत नाहीं, कारण रंगाच्या एकट्या साक्षीवर तो काहील उतरवीत नाहीं. पाकाचे बुडबुडे लहान-मोठे होतांना तो पाहतो, त्यांचा आवाज दाटत जातांना ऐकतो, करपट वासासाठीं नाक सावध ठेवतो. मग थोडा पाक थंड पाण्यांत टाकून बोटांनीं वळतो. गोळी मऊ लागली तर अजून अवकाश आहे. ती टणक झाली म्हणजे काहिलीच्या कडेवर आपटून पाहतो आणि कान देतो. ओला, बोदा आवाज आला तर जाळ आणखी थोडा चालूं द्यावयाचा. खणखणीत आवाज आला कीं तो हात वर करतो, जाळ ओढला जातो, काहील उतरते आणि पाक वाफ्यांत ओतला जातो. रात्रीचें आधण असलें तर दिव्याखालीं त्याच्या रंगाबद्दल शहाणा गुळव्या बोलत नाहीं. सकाळीं ऊन्ह पडल्यावर आदल्या दिवसाची ढेप शेजारीं ठेवून तो दोन्ही पाहतो.